टाकीत उरलेली हवा

आमच्या मागच्या खोलीतला कॉम्प्रेसर सुरू झाला की साऱ्या गल्लीला कळतं. आधी घरघर, मग भिंतीला टेकवलेल्या चौकटींची बारीक थरथर, आणि टाकी भरली की खट्ट असा आवाज होऊन एकाएकी शांतता. समोरच्या घरातल्या वहिनींना ती शांतता बरोबर ऐकू येते. थोड्या वेळानं त्या स्कूटी ढकलत फाटकाशी येतात. "म्याडम, हवा मिळंल का जराशी? मागचं चाक पार बसलंय." मी हातातला एअरब्रश बाजूला ठेवते, नळीचं तोंड बदलते आणि त्यांच्या चाकात हवा भरून देते. पंक्चरवाल्याकडे असतो तसलाच हा कॉम्प्रेसर आहे, फक्त लहान टाकीचा. त्याच हवेवर चाकं फुगतात आणि त्याच हवेवर माझी चित्रं होतात.

एअरब्रश हे जाडसर पेनाएवढं यंत्र. त्याच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढी वाटी असते. तिच्यात पाण्यानं पातळ केलेला अॅक्रिलिक रंग घालायचा, कळ दाबायची, की टोकातून रंगाचं धुकं निघतं. ते कॅनव्हासला न टेकता त्याच्यावर उतरतं. जिथं रंग नको तिथं आधी कागदी टेप लावून ठेवायची. धुक्याला कड नसते; कड टेप देते. माझ्या चित्रांत झाड नसतं, घर नसतं, माणूस नसतो. चौकोन असतात, वर्तुळाचे तुकडे असतात, एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू विरघळणाऱ्या पट्ट्या असतात. मी महाविद्यालयात कविता शिकवते. ओळ कुठं तोडायची, या प्रश्नाभोवती माझं बरंचसं आयुष्य गेलं आहे. संभाजीनगरला एका प्रदर्शनात अशी चित्रं पहिल्यांदा पाहिली, तेव्हा रंग जिथं थांबत होता तिथं मला ओळ तुटल्यासारखी वाटली. परत येताना जालन्यापर्यंत बसच्या खिडकीतून शेतांचे बांध बघत आले आणि आठवडाभरात एअरब्रश मागवला.

पण ही गोष्ट माझ्या चित्रांची नाही, दादांची आहे. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. बाकी सारा मुलूख त्यांना सर म्हणतो, आणि आईही चिडली किंवा लाडात आली की सरच म्हणते.

दादा मंठ्याच्या शाळेत चित्रकला शिकवत. सरकारी चित्रकलेच्या परीक्षांना पोरं बसवणं हे त्यांचं व्रत होतं. त्या परीक्षेत संकल्पचित्र असतं: एक चौकोन किंवा वर्तुळ घ्यायचं, त्यात भूमितीचे आकार एकमेकांत गुंतवायचे आणि पोस्टर कलरनं भरायचे. रविवारी आमच्या ओसरीवर पोरांची रांग बसे. गोंदाचा, ओल्या कागदाचा आणि त्या रंगांचा थंड, खडूसारखा वास घरभर पसरे. दादा पोरांच्या मागून फिरत आणि एकच गोष्ट म्हणत, "कडा आधी, मंग पोट. अन् रंग सपाट पाहिजे. बिलकुल सपाट." त्यांनी भरलेल्या आकारावरून बोट फिरवलं तर रंग कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते बोटाला कळत नसे. मी त्यांच्या मांडीला टेकून ते बघायची. ब्रशचं टोक कडेवरून जाताना त्यांचा श्वास थांबलेला असे, आणि कड पूर्ण झाली की माझ्या केसांवर तो सुटे, उबदार.

निवृत्तीनंतर दादा आणि आई माझ्याकडे जालन्याला राहायला आले. त्यानंतर काही काळानं दादांचे हात थरथरू लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही. वय वाढलं की काहींना होतं, गोळीनं थोडं कमी होईल, जाणार नाही. दादांनी एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. आधी बशी सोडली. मग कप अर्धाच भरून घेऊ लागले. बँकेत सही जुळली नाही तेव्हा अंगठा उठवून आले आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सारे ब्रश साबणानं धुतले, केस चिमटीत धरून त्यांची टोकं नीट केली, लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत ते उभे केले आणि बरणी कपाटावर ठेवून दिली. आईनं विचारलं, "वर कामून ठेवली?" दादा म्हणाले, "धूळ बसायला."

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच इच्छा होती. त्यांच्या हातात रंग पुन्हा यावा. चांगलं चित्र व्हावं, लोकांनी बघावं, असं काही नाही. कड पूर्ण झाल्यावर सुटणारा तो श्वास मला पुन्हा ऐकायचा होता.

एअरब्रशवर मात्र त्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता. ते दारात उभे राहिले, धुक्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय करून राह्यलीस?"

"रंग देतेय, दादा."

"रंग कुठं? ही तर फवारणी झाली. कापसावर मारत्यात तशी."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मंग, मावा गेला का?"

पुढे कित्येक महिने ते खोलीत आले नाहीत. पण चित्र वाळत बैठकीत ठेवलं की जेवायला जाताना तिथं त्यांची पावलं मंदावत. भिंतीशी बोलल्यासारखं ते म्हणत, "कड बराबर हाय." आणि हात धुऊन परतताना, "पोटात पट्टे पडलेत." दोन्ही खरं असे. धुकं एका सरळ रेषेत नेलं की रंगात फिकट-गडद पट्टे उठतात. हात सतत थोडा हलता ठेवावा लागतो, आणि तो सैलपणा माझ्या मनगटात काही केल्या येत नव्हता.

हिवाळ्याच्या अखेरीस मी एक मोठं चित्र घेतलं. खाली करडईच्या फुलाचा केशरी-पिवळा, वर जाता जाता राखी, आणि माथ्याशी सांजवेळचा निळा. या सगळ्यातून जाणारी वर्तुळाची एकच रुंद कमान. पहिला थर ओला होता तोवर सुरेख दिसला. वाळल्यावर त्याच्यावर पांढुरका पडदा चढला. आरशावर वाफ बसावी तसा, पण पुसला जाईना. मी थर पुन्हा दिला, पडदा पुन्हा आला. एअरब्रशचं तोंडही सारखं तुंबू लागलं. वारा एमआयडीसीकडून सुटला की स्टीलच्या कंपन्यांची बारीक भुकटी आमच्या गच्चीवर उतरते, वाळत घातलेल्या साड्यांच्या घडीत सापडते. मी आधी तिला दोष दिला, खिडकीच्या फटी ओल्या कापडानं बंद केल्या. पण भुकटी काळी असते, आणि हा पडदा पांढरा होता. मग रंगाच्या बाटल्यांना दोष दिला. त्याही बदलल्या.

चिडून मी यंत्राचे सुटे भाग धूत बसले होते. दादा दाराशी आले, उंबऱ्याबाहेरच थांबले.

"पाणी कुठलं घालतीस?"

"बोअरचं."

"आंघोळीच्या बादलीची कड बघ एकदा."

बादलीच्या कडेला पांढरी, खरखरीत खपली होती. ती आमच्या प्रत्येक बादलीला, नळाच्या प्रत्येक तोंडाला असते. इतकी नेहमीची, की ती दिसायची बंद झाली होती. आमच्याकडे नळ आला की दिवस सणासारखा धावपळीचा होतो. हंडे, पिंप, पातेली, सारं भरून घ्यायचं, आणि पुढचा नळ येईतो ते पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बोअरचं. नळाचं पाणी रंगात कालवावं, हे या शहरात राहणाऱ्या कुणाच्याही हाताला सुचणार नाही. माझ्याही हाताला सुचलं नव्हतं. सारा क्षार मी स्वतः, वाटी वाटीनं, माझ्या निळ्यावर पसरत होते.

"म्हणजे नळाचं घ्यावं लागणार," मी म्हणाले.

"नळाचंबी नको. त्यातबी थोडा क्षार असतोच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ना आपण, ते घे. त्यात काहीच नसतं."

"अन् लाइट गेली की?" आई आतून म्हणाली. "अंधारात बसायचं का चित्र बघत?"

"बॅटरी काय रोज पाणी पिती का? पडलाय तो डबा जिन्याखाली."

दादांनी स्वतः तो डबा आणला. आणताना तो त्यांच्या हातात हेलकावत होता, आणि त्याच्या आवाजाकडे आम्ही दोघींनीही लक्ष दिलं नाही. त्या पाण्यात कालवलेला निळा वाळला तो निळाच राहिला. दादा तो वाळेपर्यंत थांबले होते, उंबऱ्याच्या आत, स्टुलावर.

मग ते रोज दुपारी येऊन त्या स्टुलावर बसू लागले. टेप लावल्यावर तिच्या कडेवर मी आधी खालचाच रंग हलका मारून घेते. टेपखाली रंग झिरपायचा तर तोच झिरपतो, फट बुजते आणि वरचा नवा रंग स्वच्छ थांबतो. हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि किंचित हसले. "म्हंजे इथंबी कडा आधीच."

एके दिवशी त्यांनी टेपची गुंडाळी उचलली. त्यांनी पट्टी ओढली, दोन्ही हातांत ताणली, कॅनव्हासवर टेकवली. ती मधोमध एकदा वर गेली, एकदा खाली. ओढ्याच्या वाटेसारखी. त्यांनी ती काढली, दुसरी लावली. तीही तशीच बसली. मग त्यांनी ती चुरगळून मुठीत धरली आणि उठून गेले. पुढे कितीतरी दुपारी स्टूल रिकामं राहिलं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "सरांनी शाळा बंद केली वाटतं." पण तिचा आवाज थट्टेचा नव्हता.

एका सकाळी चहा घेताना मी त्यांना सरळ विचारलं. "दादा, टेप मी लावते. तुम्ही फक्त रंग मारा. कड टेप सांभाळते. ब्रश टेकतच नाही, हात हलला तरी धुकंच हलणार ना."

"कंप चित्रात उतरंल."

"नाही उतरणार."

"तुला काय म्हाईत कंप काय असतो?" त्यांनी अर्धा भरलेला कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. "अन् ते मशीन. ते चालू झालं की गल्लीला कळतं. समोरची येईल चाक घेऊन. काय बघंल ती? मास्तरचा हात?"

मला त्या क्षणापर्यंत हे कळलं नव्हतं. कॉम्प्रेसरचा आवाज माझ्यासाठी आवाज होता. त्यांच्यासाठी ती दवंडी होती. मंठ्याच्या ओसरीवर साऱ्या गावासमोर ज्यांची कड सरळ राहिली, त्यांची वाकडी कड आता गल्लीसमोर येणार होती. मी तो विषय सोडला. स्टूल मात्र होतं तिथंच ठेवलं.

उन्हं तापू लागली तशी खोली दुपारी भट्टी व्हायची. धुकं उडू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागे. अशाच एका दुपारी मी कमानीच्या शेवटच्या तुकड्यावर टेप लावून कडा बुजवून घेतल्या होत्या. वाटीत गडद निळा भरला होता. टाकी भरून खट्ट आवाज झाला आणि त्याच वेळी दादा आत आले. इतक्या दिवसांनी. म्हणाले, "बाहेर लई ऊन हाय," जणू या खोलीत सावली होती. स्टुलावर बसले.

तेवढ्यात लाइट गेली.

आमच्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, कॉम्प्रेसर चालत नाही. पण त्या घडीला शांत झाला तो सारा मोहल्ला. घरोघरचे कूलर थांबले, कुठली तरी पिठाची गिरणी थांबली, आणि कूलरच्या आवाजाखाली दडलेले आवाज एकेक वर आले. लिंबावरच्या साळुंक्या. आईच्या विळीची कचकच. वाळणाऱ्या रंगाचा दुधट वास उकाड्यात जास्तच दाट झाला.

दादा कॉम्प्रेसरकडे बघत होते.

"टाकीत हवा हाय का?"

"आहे. थोडा वेळ पुरेल."

"आवाज न्हाई होणार?"

"टाकीचा होत नाही."

त्यांनी खिडकीतून समोरच्या घराकडे एकदा बघितलं. मग हात पुढे केला. "दे इकडं."

मी त्यांच्या नाकातोंडावर मास्क बांधला. एअरब्रश त्यांच्या हातात दिला. तो हातात येताच त्याचं टोक थरथरू लागलं, आणि माझे दोन्ही हात आपोआप त्यांच्या मनगटाकडे निघाले. मी ते मागे घेतले, नळी उचलून धरली आणि तेवढंच काम माझं ठेवलं.

"किती लांब धरायचा?"

"वीतभर."

त्यांनी कळ दाबली. श्श. चुलीवरच्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा बारीक आवाज. निळं धुकं निघालं आणि कॅनव्हासवर कुठं उतरलं ते आधी दिसलंच नाही. मग दिसलं: टेपच्या कडेला कडेला, एक सावली. ते कडेनंच जात होते. मास्कच्या आतून पुटपुटत होते, "कडा आधी." हात थरथरत होता आणि त्या थरथरीनं धुकं पसरत होतं, एका जागी साचत नव्हतं, रेष धरत नव्हतं. जो सैलपणा माझ्या मनगटात येत नव्हता तो त्यांच्या हातात आजारानं आणून ठेवला होता. कडेकडून पोटाकडे निळा असा विरत गेला की त्यात एकही पट्टा नव्हता.

हवा उतरू लागली. दाब कमी झाला की धुकं जाडं होतं, रंगाचे बारीक दाणे पडायला लागतात. मी म्हणाले, "दादा, थांबा आता. दाणे पडतील."

"पडू दे."

ज्यांच्या ओसरीवर सपाट रंगात एक ठिपका उठला तर पोराला सारं चित्र पुन्हा करावं लागे, ते हे म्हणत होते. दाणे पडले. कमानीच्या अगदी टोकाला, खळ्यावर उफणताना भुसा वाऱ्यानं दूर जाऊन पडावा तसे, विरळ, आणखी विरळ. मग टाकीतून नुसता उसासा आला आणि हवा संपली.

दादांचा हात खाली आला. मास्कच्या कापडातून एक श्वास सुटला. माझ्या केसांवर तो पोचला नाही, पण मी तो ऐकला.

रंग वाळेपर्यंत मी नळी गुंडाळून ठेवली. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात निवडलेली मेथी तशीच. मी टेपकडे हात नेला तर दादा म्हणाले, "मी काढतो." त्यांनी टेपचं टोक नखानं उचललं आणि ती स्वतःवरच दुमडत मागे ओढत नेली. हात हिसके देत होता, टेप थांबत थांबत निघत होती. तिच्याखालून आलेली कड मात्र ताणलेल्या दोऱ्यासारखी होती.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. कडेपासून दाण्यांपर्यंत हळूहळू नजर फिरवली. मग उलट्या दिशेनं.

"वरच्या कोपऱ्यात जरा जास्त झाला," ते म्हणाले.

"हो."

"पुढच्या बारीला तिथं कमी मारू."

आई मेथी घेऊन आत गेली. थोड्या वेळानं चहा आला. दादांचा कप अर्धाच होता, नेहमीसारखा. तो पिताना त्यांचा हात नेहमीसारखाच थरथरत होता. त्यातलं काहीही बदललं नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात एकदा मी महाविद्यालयातून परतत होते. गल्लीच्या तोंडाशीच मला घरघर ऐकू आली. लाइट होती, कूलर चालू होते, आणि त्या सगळ्यांवर आमचा कॉम्प्रेसर. फाटकाशी समोरच्या वहिनी स्कूटीला टेकून उभ्या होत्या. मागच्या खिडकीत दादा होते, मास्क हनुवटीवर ओढलेला, कपाळावर निळ्याची एक रेघ.

"सर, म्याडम न्हाईत का? हवा पाहिजे होती."

"आज हवा न्हाई. माझं काम चालू हाय. संध्याकाळी ये."

"तुमचं काम?"

"मंग कोणाचं?"

वहिनी हसल्या, स्कूटी आमच्याच भिंतीला टेकवून ठेवली आणि घरी गेल्या. मी आत आले. कॅनव्हास नवा होता. मोठा चौकोन त्यांनी पेन्सिलीनं आखून ठेवला होता, पट्टी कॅनव्हासवर दाबून धरायला बहुतेक आईला बसवलं असावं, कारण ती हातावरचं शिसं पदराला पुसत होती. कपाटावरची बरणी खाली आली होती. त्यातला सगळ्यात बारीक ब्रश दादांनी एअरब्रशची वाटी साफ करायला काढला होता आणि तो बॅटरीच्या पाण्यात बुडवून ते ती मन लावून पुसत होते. वाटी किणकिणत होती.

माझ्या खांद्यावरची पर्स अजून उतरली नव्हती.

"उभी कामून हायस?" वर न बघता ते म्हणाले. "टेप लाव."